गळक्या छताला भोकं पाडणारे आबा

डोंगरमाथ्यावरच्या एका गावात एकदा एक काचकाम करणारे वृद्ध गृहस्थ राहत होते, आणि ते गर्विष्ठ होते. हे मी आधीच सांगून टाकतो. दृष्टांतातला वृद्ध म्हटला की पांढरी दाढी, मंद हसू आणि लोण्यासारखा स्वभाव अशी आपली ठरलेली कल्पना असते. या आबांना दाढी नव्हती, हसण्याची फारशी सवय नव्हती, आणि त्यांच्या कामाला कोणी नुसते 'बरं झालंय' म्हटले तर ते भर रस्त्यात थांबून विचारत, "बरं? बरं म्हणजे काय?" मला स्वतःला हा गर्व आवडतो. ज्याला आपल्या कामाचा गर्व नाही त्याच्याकडून मी साधी खुर्चीसुद्धा दुरुस्त करून घेणार नाही.

ते गाव फार उंचावर होते. पावसाळ्यात ढग तिथे आकाशात नसत, रस्त्यावर असत, आणि दार उघडे राहिले तर स्वयंपाकघरातही येऊन बसत. वारा असा की थंडीने दात वाजावेत तशा खिडक्यांच्या काचा वाजायच्या. म्हणून ज्यांना जमले त्यांनी दुहेरी तावदानांच्या खिडक्या करून घेतल्या होत्या. दोन काचा, मध्ये बोटभर कोंडलेली कोरडी हवा आणि कडेने रबराची पट्टी. घरातली ऊब घरात राहायची आणि बाहेरचा गारठा बाहेर. काही घरांच्या कौलारू छपरातही उजेडासाठी अशीच दुहेरी काच बसवलेली होती. तिला गाव झरोका म्हणे. या सगळ्या काचा आबांनी बसवलेल्या होत्या आणि त्यांनीच सांभाळल्या होत्या.

सांभाळल्या हा शब्द मी मुद्दाम वापरला. काच एकदा बसवली की संपले, असे आपण धरून चालतो. आपण घर झाडतो, दिवाळीला भिंती रंगवतो, पडद्यांवरून घरात भांडणे करतो. पण मान वर करून छताकडे पाहतो ते डोक्यावर थेंब पडल्यावर. आबांचे तसे नव्हते. पावसाळ्याआधी एकदा आणि दिवाळीनंतर एकदा ते प्रत्येक घरी जात. रबराच्या पट्टीवरून नख फिरवून ती कडक झाली आहे का ते पाहत. झरोक्याभोवतीच्या पन्हळीत अडकलेली सिल्व्हर ओकची पाने हाताने उपसून काढत. काच रिठ्याच्या पाण्याने धुवायची, जुन्या धोतराच्या फडक्याने टिपायची आणि तिला सुरी किंवा घासणी कधीही लावायची नाही, हा त्यांचा दंडक होता. शेवटी ते तावदानावर बोटाच्या पेराने टकटक करून कान लावत. आत ओल शिरली असेल तर आवाज बदलतो, असे त्यांचे म्हणणे होते. मला तो फरक जन्मात कळला नसता, पण आबांना कळत असे यावर माझा पूर्ण विश्वास आहे.

त्यांच्या हाताखाली सगुणा नावाची एक तरुण बाई काम शिकत होती. ती पहिल्यांदा आली तेव्हा चार लोकांनी आबांना हटकले होते, की काच कापायचे काम आणि बाईमाणूस? आबांनी उत्तर दिले होते, "काचेला विचारून बघा. तिची काही हरकत नसली तर माझीही नाही." सगुणाने हे उत्तर मनात जपून ठेवले होते. तिचा हात देखणा होता. ती काच कापायची तेव्हा कडेला एक टवका उडत नसे. आणि आबांविषयी तिला एवढा अभिमान होता, की त्यांच्या कामाला कोणी नाव ठेवले तर आबा एक वेळ गप्प बसतील, पण ती बसत नसे.

एक काम मात्र आबा कोणालाही करू देत नसत. खिडकीची किंवा झरोक्याची खालची कड, बाहेरच्या अंगाची, ते स्वतः तपासत. छपरावर पालथे पडून, अंगाने ती जागा झाकून, ते तिथे काहीतरी खुडबुड करत आणि तेवढ्या वेळात सगुणाला खाली पाठवत. "जा, घागर भरून आण." ती घागर घेऊन वर येईपर्यंत आबा उठून धोतर झटकत असत. काय केले, हे तिने कधी विचारले नाही. गुरूला असे विचारायचे नसते, असे तिला वाटे. ते सांगतील तेव्हा सांगतील.

यंदा आबांच्या एका डोळ्यात मोतीबिंदू उतरला आणि गुडघ्यांनी शिडीला नकार दिला. पावसाळ्याआधीच्या फेरीला सगुणा पहिल्यांदा एकटी निघाली. सुरुवात मधाच्या व्यापाऱ्याच्या घरापासून केली.

हा व्यापारी गावातला मोठा माणूस. आजूबाजूच्या जंगलातला मध त्याच्याकडे यायचा आणि दूरदूरच्या शहरांत जायचा. त्याच्या बायकोला सगळे काकू म्हणत. ती मधाच्या कोठारातल्या ओल्या पायऱ्यांवरून पडली, पाठीला मार बसला, आणि तेव्हापासून अंथरुणावर उताणी होती. कुशीवर वळायलाही तिला माणूस लागे. तेव्हा व्यापाऱ्याने आबांना बोलावून तिच्या पलंगाच्या बरोबर वर एक मोठा झरोका करून घेतला. झरोका हेच तिचे अंगण झाले. कोणती घार केव्हा फिरते, ढग कुठल्या बाजूने फाटतो, सगळे तिला पाठ होते. एका जाड घारीचे नाव तिने मामलेदारीण ठेवले होते, कारण ती रोज उशिरा यायची आणि आल्याबरोबर सगळ्यांना हुसकावून लावायची.

तर सगुणा त्या छपरावर चढली. काच धुतली, पन्हळ उपसली, पट्टी तपासली, आणि शेवटी आबांसारखीच पालथी पडून तिने खालची कड पाहिली. चौकटीच्या खालच्या लाकडात, बाहेरच्या बाजूने, तिला भोके दिसली. बारीक, जराशी वाकडी, हाताने पाडलेली. त्यांतले एक तर दुसऱ्यापेक्षा खाली गेलेले. ती कितीतरी वेळ त्यांच्याकडे पाहत राहिली. आबांचा हात चुकला, असे तिला वाटले. डोळे आधीपासूनच अधू असणार, आणि हे लपवायलाच ते आपल्याला घागर आणायला पाठवत असणार.

आता तिने काय केले ते ऐका, आणि तिला हसू नका. तिने आजूबाजूला पाहिले, पिशवीतून लांबी काढली, म्हणजे लाकडातल्या फटी बुजवायचा तो लगदा, आणि प्रत्येक भोक हळुवारपणे बुजवले. अंगठ्याने सपाट केले. वरून लाकडाच्या रंगाचा हात दिला. पश्चिमेच्या मोठ्या खिडकीलाही तशीच भोके होती, तीही बुजवली. पुढे शाळेच्या खिडक्यांना सापडली, तिथेही तेच केले. आबांची चूक गावाला दिसू नये म्हणून ती हे करत होती, आणि संध्याकाळी घरी जाताना तिला आपला अभिमान वाटत होता. आबांना तिने एवढेच सांगितले, की सगळे व्यवस्थित आहे. खोटे बोलली असे तिला वाटलेच नाही.

आषाढ भरात आला आणि व्यापाऱ्याच्या घरी अडचण सुरू झाली. पश्चिमेच्या खिडकीच्या दोन काचांमध्ये धुके धरले. बाहेरून पुसा, आतून पुसा, जाईना. झरोक्याच्या खालच्या कडेला तसेच पांढुरके सावट आले, चौकटीचे लाकूड फुगून काळे पडले, आणि एके सकाळी काकूंच्या पांघरुणावर पाणी टपकले. मग रोज टपकू लागले. डॉक्टरांनी छाती तपासून सांगितले, की खोली कोरडी राहायला हवी, नाहीतर दुखणे छातीत उतरेल. व्यापारी वाईट माणूस नव्हता, पण तो घाबरला होता. श्रावणात उघडीप मिळताच त्याने पत्रा आणवला आणि ठोकायला माणूस बोलावला. झरोका कायमचा बंद करायचे ठरले.

काकू ओरडल्या नाहीत. त्या एवढेच म्हणाल्या, "अहो, पत्रा ठोकायचाच असेल तर आधी माझ्या डोळ्यांवर पट्टी बांधा. म्हणजे एका दिवसात दोन्ही कामं उरकतील." व्यापारी मान खाली घालून बाहेर गेला. पत्रा अंगणात भिंतीला टेकवून ठेवलेला होता.

ही बातमी सगुणाने आबांना सांगितली. झरोका गळतोय आणि पत्रा आलाय, एवढेच सांगितले. भोकांविषयी तिच्या तोंडातून शब्द फुटला नाही. आबांनी काठी उचलली. "चल," म्हणाले. गुडघे दुखत होते तरी चढावर ते कुठे थांबले नाहीत.

अंगणात चार शेजारीपाजारी जमले होते. पत्रा येणार म्हटले की माणसे जमतातच. व्यापारी पुढे आला आणि म्हणाला, "आबा, स्पष्ट बोलतो, रागावू नका. चौकट तुमच्या हातची आहे. तुमचं वय झालं. तुम्हाला दिसत नाही हे सगळ्या गावाला ठाऊक आहे, तुम्हीच तेवढं मान्य करत नाही. तुमच्या मानापेक्षा मला हिचा जीव मोठा आहे."

"बरोबर आहे," आबा म्हणाले. "मलाही माझ्या मानापेक्षा तो मोठा आहे. शिडी लावा."

"आता वर जाऊन काय करणार?"

"शिडी लावा, शेठ. पत्रा काही कुठं पळून जात नाही."

व्यापाऱ्याने बायकोला दुसऱ्या खोलीत हलवायला माणसे बोलावली, वरून काही पडले तर नको म्हणून. पण काकूंनी पलंगाची कड घट्ट धरली. "मी इथून हलणार नाही," त्या म्हणाल्या. "आबा वर जातायत ना? मग मला काय होतंय?" मला विचाराल तर त्या दिवशी आबांना सर्वांत मोठा मान या बाईने दिला, आणि तोही अंथरुणावरून.

सगुणाने शिडी धरली आणि आबा एकेक पायरी मोजूनमापून चढले. मग हत्यारांची पिशवी घेऊन तीही त्यांच्यामागे चढली. छपरावर आबा पालथे झाले. यावेळी त्यांनी तिला घागर आणायला पाठवले नाही. त्यांनी डोळ्यांनी काही पाहिले नाहीच. अंगठा चौकटीच्या खालच्या कडेवरून फिरवत नेला आणि एका जागी थांबवला. पुन्हा मागे नेला. पुन्हा थांबवला. मग त्यांनी मान वळवून सगुणाकडे पाहिले. ती त्यांच्याकडे पाहू शकली नाही.

"दाभण दे," आबा म्हणाले.

"आबा, नका," ती कुजबुजली. "तुमचा हात चुकला होता. कुणाला दिसू नये म्हणून मीच बुजवलं. आता सगळे खाली उभे आहेत. नका ना."

"दाभण दे, सगुणा."

तिने पिशवीतून दाभण काढून दिले. आबांनी गळणाऱ्या छताच्या चौकटीत ते खुपसले आणि पिळले. खालून व्यापारी ओरडला, "अहो, काय करताय? आधीच गळतंय त्याला आणखी भोकं पाडताय?" पत्रेवाला हसला. शेजाऱ्यांपैकी कोणीतरी डोक्याजवळ बोट नेऊन खूण केली. आबा तिकडे लक्ष न देता पुढच्या जागेकडे सरकले आणि तिथेही त्यांनी दाभण खुपसले. सगुणाला वाटले, छप्पर दुभंगून आपल्याला पोटात घेईल तर बरे.

आबांनी दाभण बाहेर ओढले आणि भोकातून काळपट पाणी उडाले. एक धार आली, मग दुसरी. कुजलेल्या लाकडाचा वास सुटला. पाणी कौलांवरून धावत खाली गेले आणि व्यापाऱ्याच्या पायांपाशी अंगणात पडू लागले. ते लवकर संपेचना. एवढे पाणी त्या बोटभर लाकडात कुठे दडून बसले होते, याचे सगळ्यांना नवल वाटले.

"आता घागर आण," आबा म्हणाले. "आणि काचेवर ओत. सगळी."

"खाली काकू आहेत, आबा."

"म्हणूनच सांगतोय. ओत."

तिने घागर आणली. वर येऊन ती काचेवर उपडी केली. पाणी काचेवरून घसरले, कडेच्या फटीत थोडे शिरले, आणि पाहतापाहता खालच्या भोकांतून बाहेर पडून कौलांवरून निघून गेले. काचेच्या पलीकडे काकू उताण्या पडलेल्या तिला दिसत होत्या. त्यांचे डोळे सताड उघडे होते. "कोरडी आहे!" त्या खालून ओरडल्या. "मी कोरडी आहे ग! ओत अजून!" आणि त्या लहान मुलीसारख्या हसू लागल्या. व्यापाऱ्याने धावत आत जाऊन पांघरूण चाचपले. ते खरेच कोरडे होते.

आबा आणि सगुणा खाली उतरले. आबांनी सांगितले, की झरोक्याची काच वाचेल, कडेचा थोडा भाग तेवढा धुरकट राहील. मात्र पश्चिमेच्या खिडकीचे तावदान पाण्यात बसून बसून गेले आहे, दोन काचांच्या मधली हवा ओलावली की ती पुन्हा कोरडी होत नाही, ते बदलावेच लागेल. व्यापाऱ्याच्या मनावरचे ओझे उतरले होते, त्यामुळे तो मोकळेपणाने हसला आणि आबांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "म्हणजे आबा, पाणी जायला भोकं ठेवायचीच राहून गेली होती होय! चालायचंच. वयानं होतं असं." शेजारीही समजूतदारपणे माना डोलवू लागले.

आबा काही बोलले नाहीत. साध्या एका शब्दावरून रस्त्यात भांडणारा हा माणूस, सगळ्यांदेखत आपल्या कामावर बोल आला तरी गप्प राहिला. हौदापाशी जाऊन त्यांनी हातावरचे काळे पाणी धुतले.

सगुणा उभी होती. ती गप्प राहिली असती तर गोष्ट तिथेच मिटली असती. आबा सांगणार नाहीत, हे तिला पक्के कळून चुकले होते. गाव म्हणेल, आबा म्हातारे झाले, विसरले. आणि तिचा हात देखणा तो देखणाच राहील. तिला भयंकर लाज वाटली, आणि लाजेपेक्षा जास्त राग आला, स्वतःचा. ज्यांचे नाव राखायला तिने एवढा उपद्व्याप केला, त्यांचेच नाव तिच्यामुळे चारचौघांत खाली गेले होते.

"शेठ," ती म्हणाली. ती पुढे होऊन त्याच्यासमोर उभी राहिली. "शेठ, आबा काही विसरले नव्हते. भोकं पहिल्यापासून होती. मी ती बुजवली. मला वाटलं, आबांचा हात चुकलाय. तुमची खिडकी माझ्यामुळे गेली. काकूंच्या अंगावर पाणी आलं तेही माझ्यामुळे. शाळेच्या खिडक्याही मी बुजवून आलेय."

व्यापाऱ्याचा चेहरा कठोर झाला आणि तो काहीतरी बोलणार एवढ्यात आतून काकूंचा आवाज आला. "अगं, पण मग आबांना विचारलं का नाहीस?"

"कसं विचारणार, काकू?" सगुणाच्या डोळ्यांत पाणी आले. "आबांना जाऊन विचारू, की तुमची चूक झाली का?"

आबांनी हात पुसले आणि ते ओट्यावर बसले. "आता मी बोलतो," ते म्हणाले. "या डोंगरावर चौकट कितीही घट्ट करा, पाणी आत शिरतंच. वाऱ्याबरोबर शिरतं, दव होऊन शिरतं. शिरणारच नाही असं सांगणारा कारागीर एक तर नवशिका असतो, नाहीतर खोटारडा. मी दोन्ही नाही. म्हणून मी त्याला जायला वाट ठेवतो, आणि वर्षातून दोनदा ती वाट दाभणानं मोकळी करतो. कधी तिथं धूळ बसते, कधी कुंभारमाशी मातीचं घर करते. त्या वाकड्या भोकांचा मला गर्व आहे, पोरी. माझ्या सगळ्या कामात तेवढंच काय ते शहाणपण आहे."

मग ते सगुणाकडे वळून म्हणाले, "तू ती वाट मायेनं बुजवलीस. पण माया असो की वैर, बुजवलेल्या जागी पाणी साचतं ते साचतंच. आणि समज, खरंच माझा हात चुकला असता. तरी ती चूक झाकायची नव्हती, माझ्यापुढं आणून ठेवायची होती. माणसाच्या आतही चुका शिरतात. घट्ट राहून कोणी त्यातून सुटत नाही. विचारायला, सांगायला वाट असली की त्या वाहून जातात. वाट नसली की वरून रंग छान दिसतो आणि आतलं लाकूड कुजत राहतं. माझंच बघ. खालची कड मी तुला एवढी वर्षं दाखवली नाही. हे फक्त मलाच येतं, यात मला मजा वाटत होती. तिथं मीही लांबीच भरून ठेवली होती."

"पण मघाशी तुम्ही बोलला का नाहीत?" व्यापाऱ्याने विचारले. "मी तुम्हाला नाही नाही ते बोललो."

"छपरावरची भोकं मला मोकळी करता आली, शेठ. एक भोक राहिलं होतं, ते तिचं तिलाच मोकळं करायचं होतं. मला फक्त वाट बघायची होती." आणि मग आबा, ज्यांना हसायची सवय नव्हती, हसले. "फार वेळ नाही लावला तिनं."

व्यापारी विचारात पडला. राग पुरता गेला नव्हता, आणि का जावा? खिडकी त्याची गेली होती. शेवटी तो म्हणाला, "ते सगळं खरं. पण माझी अडचण तीच आहे. हा पत्रा परत पाठवायचा तर मला खात्री हवी. आबा, मला शब्द द्या, की या झरोक्यात आता थेंबभर पाणी शिरणार नाही."

आबांनी सगुणाकडे बोट केले. "खात्री तिच्याकडून घ्या. यापुढं छपरावर ती चढणार."

सगळे सगुणाकडे पाहू लागले. तिने पदराने डोळे पुसले आणि मान ताठ केली. "शेठ, असा शब्द मी देणार नाही," ती म्हणाली. "पाणी शिरेल. पावसाळा आहे, वारा आहे, शिरणारच. ते बाहेर पडतंय की नाही, हे बघायला मी येत राहीन. भोकं कुठं आहेत ते आज तुम्हाला आणि काकूंना दाखवून जाते. माझ्या हातून काही चुकलं तर मी स्वतः येऊन सांगेन, आणि तुम्हाला काही खटकलं तर तुम्ही मला विचारा. याच्यापेक्षा मोठी खात्री माझ्याकडे नाही."

व्यापारी जन्मभर मध विकत आला होता, आणि माल शंभर टक्के शुद्ध असल्याच्या शपथा त्याने रोज ऐकल्या होत्या; त्यांची किंमत त्याला ठाऊक होती. त्याने पत्रेवाल्याकडे वळून सांगितले, "परत घेऊन जा तो पत्रा." आत काकूंनी बांगड्या वाजतील अशी टाळी वाजवली.

सगुणा लगेच शाळेकडे निघाली. उद्यावर ढकलायचे नाही आणि मागच्या दाराने जायचे नाही, एवढे आबांनी बजावले होते. ती बाजारातल्या मोठ्या रस्त्याने गेली. तिच्यामागे काठी टेकत आबा चालले होते, आणि हत्यारांची पिशवी आबांच्या खांद्यावर होती. गुरूने पिशवी वाहिलेली त्या गावाने कधी पाहिली नव्हती. कोणी विचारले तर आबा थांबून सांगत, "माझी शिष्या आहे. आपली चूक दुरुस्त करायला निघाली आहे." हे सांगताना त्यांचा ऊर असा भरून येत होता, की ऐकणाऱ्याने रस्ता सोडून बाजूला व्हावे.

तुमच्याही घरात असे कोणी असेल, ज्यांच्याविषयीच्या आदरापोटी तुम्ही एक प्रश्न गिळून ठेवला आहे. या आठवड्यात तो त्यांना विचारा.